बारा शर्ट

"हा शर्ट कुठून आला?"

दिग्दर्शक बांधावरून ओरडला तेव्हा पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात, एका वाफ्याच्या मधोमध बारा बायका उभ्या होत्या. बाराहीजणींच्या अंगात साडीवरून पुरुषांचे, पूर्ण बाह्यांचे शर्ट. अकरा रोजच्या कामकरणी. बारावी सुनेत्रा, टीव्हीवरच्या तेरा भागांच्या मालिकेची नायिका. तिला पातळ लाल साडी आणि बिनबाह्यांचा ब्लाउज देऊन मुंबईहून आणलं होतं. आता त्यावर खाकी शर्ट चढला होता.

"माझ्या मालकाचा हाय," मुकादमीण इंदुबाई म्हणाली. "धाटावला कंपनीत घालतो. धुतलेला हाय."

"अहो, पण मघाच्या शॉटमध्ये..."

"मघाच्या शॉटमध्येही होता, साहेब," कॅमेरामन दत्तात्रेय लेन्स पुसत म्हणाला. "बाईंनी एकदा मागे वळून बघितलंसुद्धा. छान आलंय."

मघाचा शॉट म्हणजे बारा बायका लांब दांड्याच्या फळ्यांनी मिठाचा पापुद्रा फोडतात, तो. त्यासाठीच सगळी वरात इथवर आली होती. पण त्या वेळी साहेबांचं लक्ष पुढच्या शॉटकडे. गोड्या पाण्याची बादली भरून ठेवा, नायिका वाफ्यात पडेल, वरून ही बादली ओता, कॅमेरा खाली, मागच्या बाजूला. चार भागांत सुनेत्रा तीनदा भिजली होती: एकदा विहिरीवर, एकदा नदीत, आणि एकदा, कथेत काही कारण नसताना, गच्चीवर. तेवढ्यात तिला वाक्यं आली होती नऊ.

"परत घेऊ तो शॉट. शर्टाशिवाय."

इंदुबाईने वाफ्याकडे बोट केलं. मीठ ओढून कडेला लागलं होतं, खाली नुसतं खारं पाणी. "मीठ परत धरायला आठ दिस लागतील. बाकीचे वाफे परवाच ओढले. ह्यो एकच तुमच्यासाठी राखला व्हता. ऱ्हावा आठ दिस. जेवण आमी घालू."

साहेबांनी कपाळ पुसलं आणि एकदम खूश झाले. "सुचलं! हिला उकडतं. म्हणून ही शर्ट काढते. मग पडते."

कामकरणींतली हौसा फस्सकन हसली. "उकडलं म्हणून इथं कोण शर्ट काढत नाय, साहेब. ह्या पाण्यानं अंगाची सालटं निघतात."

"टीव्हीवर कुणाला कळतंय?"

"मला कळेल," सुनेत्रा म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य, आणि कुणी लिहून दिलेलं नव्हतं. "कसं पडायचं ते तुम्ही दाखवा ना, सर."

साहेब तरातरा उतरू लागले.

"बूट भायेर," इंदुबाईने फळी आडवी धरली. "ही जमीन तुडवून तुडवून घट्ट करायला महिना गेलाय आमचा."

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. बूट नवेकोरे होते. दोन्ही टाचांना चावलेले. साहेब एक पाऊल आत गेले. दुसरं टाकलं.

त्या किंकाळीने पलीकडच्या बांधावरचे बगळे उठले.

हौसाने नायिकेवर ओतायची बादली पुढे सरकवली. साहेबांनी बांधावर बसून दोन्ही पाय तिच्यात घातले.

"फार झोंबतंय काय?" नव्या सुनेची चौकशी करावी तशा मायेने इंदुबाईने विचारलं. "तुमच्या तर दोन टाचाच हायत. हिचं सगलं अंग."

तोवर दत्तात्रेयने कॅमेरा उचलला होता. पाठीमागून काढून समोर आणला, आणि खालून वर घेत चेहऱ्याच्या उंचीला लावला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि आता नको म्हणायलाही कुणी उठलं नाही.

"निदान थोडं वाका तरी!" बादलीतून आवाज आला.

"कशाला वाकंल?" इंदुबाई म्हणाली. "वाकाया लागू नये म्हणूनच दांडा एवढा लांब ठेवलाय."

सुनेत्राने फळी हातात घेतली. शर्टाला सहा बटणं होती, पाच लावलेली. तिने गळ्याचं सहावंही लावलं आणि ताठ उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "अ‍ॅक्शन म्हणा."