न्हाणीच्या भिंतीवरचा डाग

"बादलीच आपटली असणार हिने," असं पुटपुटत दिगंबररावांनी गाडीतल्या न्हाणीची तडकलेली भिंत उचकटायला घेतली. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग, शेगडी आणि शॉवर बसवून त्यांनी निवृत्तीनंतरचं फिरतं घर केलं होतं. तडा दिसला त्या दिवशी ते बायकोला वाट्टेल ते बोलले होते. "शॉवरखाली उभं राहायचं असतं. बादली कशाला लागते तुला?" त्यानंतर शशिकलाबाई लेकीकडे राहायला गेल्या, त्या गाडीत परत चढल्याच नाहीत. "मला प्रवास सोसत नाही," एवढंच म्हणाल्या.

खालचे स्क्रू काढायला ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले. कंबर भरून आली म्हणून मागे टेकले, तर भिंत करकरली आणि आत दबली. गाडीचं वजन वाढू नये म्हणून त्यांनी फायबरच्या मागे फळीच घातली नव्हती. त्यांनी वळून पाहिलं. तडा बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर होता, आणि त्याच्या जरा वर, अंबाडा टेकेल तिथे, खोबरेल तेलाचा गोल डाग होता.

नवी भिंत त्यांनी जाड फळीवर बसवली. बसायला बाकडं केलं, धरायला दांडा लावला आणि मग फोन केला.

"अगं, उभं राहवत नाही हे मला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं की," त्या शांतपणे म्हणाल्या. "आंबोलीच्या घाटात. तुम्ही म्हणालात, जरा गप्प बस, मला इंजिनचा आवाज ऐकू दे."