पलीकडचा काठ

वरव्याच्या तळ्याकाठी जमीन घेतल्यावर भोरच्या रघुवीररावांनी पहिलं काय केलं, तर पायवाटेवर फाटक बसवून कुलूप घातलं. त्या वाटेनं बायका भांडी घासायला यायच्या, आणि त्यांच्या खणखणाटात कुठला मासा गळाला लागायला? बायका मुकाट पलीकडच्या काठाला गेल्या. तळं कसं शांत झालं. रघुवीरराव रोज गळ टाकून बसू लागले, पण इतके दिवस गोंगाटातही उड्या मारणारे मासे एकाएकी दिसेनासे झाले. पलीकडं मात्र त्या बायकांतल्या बाळाबाईनं भाताचं पातेलं पाण्यात बुडवलं की भोवती मासेच मासे.

शेवटी त्यांनी कुलूप काढलं आणि तळ्याला वळसा घालून तिला गाठलं.

"बाळाबाई, फाटक उघडलंय. या परत आमच्या काठाला."

"आता हितंच बरं वाटतंय बगा, सायेब. माशास्नी बी."

"मग मी काय करू?"

"तुमीच या की हिकडं. कोण अडवतंय? पर रिकाम्या हातानं नगा येऊ."

दुसऱ्या दिवशी पहिला मासा गळाला लागला, तेव्हा रघुवीररावांची खिचडीची कढई निम्मी घासून झाली होती.