आयाबाई

झगा शालूच्या खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आला, तसा रुखमाबाईनं तो सावरून धरला. बुलढाण्याच्या शिंप्याला तिनं ती कामाला होती त्या गोऱ्या साहेबाच्या लेकीचं, लिझीचं, माप दिलं होतं. दोघी पोरी सहा-सहा वर्षांच्या; माप एकच असणार, असं तिनं खुशाल गृहीत धरलं. आपलं लेकरू एवढं किडकिडीत आहे, हे तिला कुठं ठाऊक होतं!

"इकडं ये वं बाबा, टाचून देते," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. बंगल्यावर साहेबाच्या लेकराला, पोरगी असली तरी, बाबाच म्हणायचं; लिझीला बाबा म्हणायची सवय मेली!

शालू आपल्या आजीच्या, मनकर्णाबाईच्या, लुगड्याआड सरकली.

समोरच्या ओट्यावर शाळेचे वामनराव मास्तर पान लावत होते. "काय आयाबाई, किती दिवस मुक्काम?"

"उद्याच जाऊन राह्यली, मास्तर."

आयाबाई! हे नाव तिनंच गावाला शिकवलेलं. अमडापुरात मोलकरणी ढिगानं, पण आया ती एकटीच. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा काय तोरा होता! मले आता नावानं हाका मारू नका, म्हणून दारोदार सांगत फिरली. गावानं बिचाऱ्यानं ऐकलं. घरातही तेच चालू झालं.

"मास्तर, आया म्हंजे काय हो?" शालूनं आडूनच विचारलं.

मास्तर खुलले. शब्दाचं काही निघालं की त्यांना चेव यायचा. "फिरंगी शब्द आहे तो पोरी, गोव्याकडच्या पोर्तुगीजांचा. दुसऱ्याचं लेकरू सांभाळते ती आया."

शालूनं रुखमाबाईला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. मग तिनं झगा काढला आणि त्याची घडी घालू लागली.

"काढतं काऊन?" मनकर्णाबाई खेकसली. "मायनं आणला तुह्यासाठी."

"माय तर तू हायेस."

"अवं पोरी, माय हाय थे तुही!"

रुखमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी पानाचा डबा उचलला आणि ते घरात गेले.

शालू दोन पावलं पुढं आली. पाहुण्या बाईशी बोलावं तशी अदबीनं बोलली.

"आया, हा तुमच्या तिकडच्या पोरीले न्या. तिले बरोबर येईन."