रजेवरच्या माणसाचं काम

आमच्या ऑफिसातले सगळ्यात अनुभवी प्रोग्रामर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते महिन्याच्या रजेवरून परतले ते उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊनच. "सुट्टीतही काम करत होतात, धन्य आहे तुमची," मी म्हणाले. "कसलं काम? माझ्या शर्टाची बटणंसुद्धा बायको लावून देते," ते हसले. आमच्या टीमचा सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांचा मिळून एकच. कुणीही बदल केला की त्याखाली करणाऱ्याचं नाव आपोआप लागतं, आणि टीमची प्रमुख म्हणून मी तपासून होकार दिला की तो बदल सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळतो. काकांच्या नावाचे बदल महिनाभर येत होते आणि मी मंजूर करत होते. म्हणजे त्यांच्या नावाआडून कुणीतरी भलतंच काही घुसवत होतं. मी दिवसभर एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत बसले. मग खोट शोधायला ते बदल पहिल्यांदाच ओळ न् ओळ वाचले. खोट सापडली नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला. संध्याकाळी आमच्यातली नवी मुलगी आपणहून समोर येऊन उभी राहिली. "मॅडम, ते काम माझं आहे. मला काकांचा जुना लॅपटॉप मिळालाय, त्यात नाव त्यांचंच राहिलं होतं." "मग बदलायचं नाही का ते?" "लगेच बदललं होतं. पण माझ्या नावाने पाठवलेलं काम तुम्ही दोनदा परत केलंत. मग पुन्हा काकांचं नाव लावलं आणि तेच काम, एक अक्षर न बदलता, पाठवलं. तुमचा चहा संपायच्या आत मंजूर झालं."