ऊबदार दस्ता

जुन्या लढाया मैदानात पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींसाठी ती नकली बंदुका बनवायची. नळी बुजवलेली, घोडा नुसता दाखवायला. धंदा मूळचा वडिलांचा. पण झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, आणि ते कारखान्यात नुसते बसून असायचे.

त्या दुपारी ती एका उंच गड्याच्या मापानं बंदुकीचा लाकडी दस्ता तासत होती. दस्ता हाताला कोमट लागला. घासल्यामुळे असेल, म्हणून तिनं बंदूक गार फरशीवर ठेवली आणि जेवून आली. दस्ता आणखी ऊबदार झाला होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाच्या अंगासारखा.

"बाबा, याला ताप आलाय बघा," ती हसत म्हणाली.

"आण इकडे."

तिनं बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचा उजवा हात उचलून दस्त्यावर टेकवला. हळूहळू त्यांची बोटं मिटली.

"बाबा, तुम्ही धरलंत." तिचे डोळे भरून आले.

"मी नाही गं," हातावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले. "आतून कुणीतरी माझा हात धरलाय. सोडू नको म्हणावं त्याला."