कपाटातली कुंडी

"या कुंडीला हात लावायचा नाही बाबा," असं बजावून लेकीने कुंडी पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या कपाटात ठेवली आणि दार लावून टाकलं. नववीच्या विज्ञानाचा प्रकल्प होता, तीस दिवसांचा. वालाचं इवलंसं रोप आणि शंभर पानी वही, एवढाच पसारा.

टेलरकाकांनी पडल्या पडल्या मान हलवली. हल्ली ते तेवढंच करत. स्टुलावरून पडून पाय मोडला त्याला सात महिने झाले होते, प्लास्टर निघून चार. हाड केव्हाच जुळलं होतं. चाला, नाही तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी तीनदा खडसावलं होतं. पण पुन्हा पडू ही भीती काही केल्या मनातून जात नव्हती. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत, की परत पलंग. शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच. आधी लेक रोज मागे लागायची, रडायचीसुद्धा. अलीकडे तिने तो नाद सोडला होता. सुटलो बुवा, असं काका म्हणत, पण पोरीने आपल्यावर पाणी सोडलं याचं त्यांना वाईटही वाटे.

तिसऱ्या दिवशी बायको कामावर आणि लेक शाळेत गेल्यावर काकांनी वॉकरच्या टोकाने कपाटाचं दार ढकललं. रोपाने मान टाकली होती. काकांनी सहावीनंतर शाळेला रामराम ठोकला होता, पण रोपाला ऊन लागतं हे कळायला सहावी पुष्कळ होती. पोरीला पुढे सायन्सला जायचं होतं. रोप मेलं की मार्क गेले, आणि मार्क गेले की सायन्स गेलं.

ते उठले. कुंडी काखेत धरून एका हाताने वॉकर रेटत खिडकीत नेली, लेक यायच्या आत पुन्हा कपाटात ठेवली. चार पावलं जायला, चार यायला. तेवढ्यात सदरा घामाने भिजला.

मग रोजचंच झालं. दुसऱ्या आठवड्यात लेकीने कुंडी स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटात हलवली. गार जागा हवी, म्हणाली. त्यात खिडकीत तिच्या पुस्तकांचा ढीग. म्हणजे ऊन आता गॅलरीतच. एवढ्या लांब जायचं तर वॉकर धरायला दोन हात लागतात, कुंडीसाठी तिसरा कुठून आणायचा? काकांनी मशीनवरची चादर ओढली आणि पँटच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवली, वॉकरला अडकवायला. सात महिन्यांनी मशीन खडखडली. बोटं काही विसरली नव्हती. त्या दिवशी काकांना आपण पुन्हा कामाचे झालो असं वाटलं.

घरभर पायाला खडूची भुकटी लागायची. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. टेलरच्या घरात खडू नाही तर काय साखर सांडणार?

तिसऱ्या आठवड्यात कुंडी थेट तळमजल्यावर, जिन्याखालच्या खणात गेली. मध्ये चौदा पायऱ्या. दोन दिवस काका नुसते तळमळले. तिसऱ्या दिवशी एका हातात काठी, दुसऱ्यात कठडा असं करत, जीव मुठीत धरून उतरले. कुंडी अंगणातल्या उन्हात ठेवली आणि शेजारीच बसून राहिले. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी तोंडात बोट घातलं. घरी सांगू नका, असं काकांनी त्यांना बजावलं. रोपाला आता पाच पानं होती.

एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी लेक कुंडी घेऊन समोर उभी राहिली.

"अंधारातलं रोप पिवळं पडून मरतं, हे दाखवायचं होतं बाबा. हे तर हिरवंगार आहे. उद्या बाई शून्य देणार बहुतेक."

कबूल करायचं सोडून काका मशीनवरची चादर सारखी करू लागले. ती शांतपणे वहीत काहीतरी लिहायला बसली, ते त्यांना आणखीच लागलं.

सकाळी ती कुंडी नि वही घेऊन गेली. दहाच्या सुमारास काकांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि कठडा धरून तरातरा खाली उतरले. शाळा तीन गल्ल्या पलीकडे, प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. मनात एकच, आपल्या शहाणपणापायी पोरीचं वर्ष वाया जाऊ नये.

विज्ञानाच्या बाई परीक्षानळ्या धूत होत्या. काकांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. "तिला काही माहीत नाही बाई. रोज मीच उन्हात नेत होतो. शून्य द्यायचं तर मला द्या."

बाईंनी हात पुसले, त्यांना बसायला स्टूल दिलं.

"काका, अंधारातल्या रोपाचा प्रयोग सातवीत असतो. तुमच्या लेकीचा विषय वेगळा आहे." त्यांनी वही उघडून पुढे सरकवली.

लेकीचं अक्षर, पट्टीने आखलेले रकाने.

"दिवस तिसरा. कुंडी: पलंगाजवळचं कपाट. खडूत उमटलेली पावलं आठ. वॉकरच्या खुणा स्पष्ट."

"दिवस दहावा. कुंडी: स्वयंपाकघर. पावलं चव्वेचाळीस. मशीनखाली नवा दोरा."

"दिवस एकोणिसावा. कुंडी: जिन्याखाली. चौदाही पायऱ्यांवर ठसे. वॉकर नाही, काठी."

काकांना अक्षरं धूसर दिसू लागली. बाईंनीच पान उलटलं. शेवटची नोंद कालच्या तारखेची होती.

"दिवस तिसावा. अंदाज: बाबा शाळेचे दोन्ही जिने चढून येतील, आणि घाईत काठी घरीच विसरतील."