गाण्याचा मालक

रुखवताची गाणी म्हणावीत तर निरवांगीच्या मुक्ताबाईनंच. गाणी तिनंच रचलेली. व्याही बदलला की नुसतं नाव बदलायचं आणि भर मांडवात त्याची फिरकी घ्यायची. सून प्रतीक्षानं तिचं एक गाणं मोबाईलवरून नेटवर टाकलं, तर तासाभरात त्याच्याखाली अक्षरं उमटली: ‘गाण्याचे मालक: सौरभशेठ, बारामती.’ मागं एका लग्नात शूटिंगला आलेला हाच तो सौरभ. त्यानं तिचं गाणं भरून नेलं आणि खुशाल आपल्या नावावर केलं.

“आत्या, काढून टाकू का? केस करीन म्हणतोय.”

“काढतीस कशापायी? दुसरं टाक.” मुक्ताबाईनं पदर खोचला आणि तीच चाल धरली:

“बारामतीचा सौरभशेठ मांडवात शिरला,
पंगतीतला लाडू ह्यानं खिशात भरला!”

गाणं निरवांगीपासून बारामतीपर्यंत फिरलं. चाल ओळखून नेटवरच्या यंत्रानं आपोआप त्याच्याखालीही तेच लिहिलं: मालक, सौरभशेठ.

सकाळी त्याचाच फोन आला. मुक्ताबाईनं सुनेला तो स्पीकरवर घ्यायला लावला.

“आजी, लोक हसाय लागल्यात. माझं नाव काढा त्यातनं.”

“मी कशी काढू? मालक तर तुमी.”

“मी न्हाय मालक! गाणं तुमचं, चाल तुमची, समदं तुमचंच हाय!”

मुक्ताबाईनं सुनेच्या मोबाईलकडं बघितलं. “घेतलंस का भरून? आता हे टाक.”